आमचे काका



आपल्या घराण्यातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीच्या आठवणी सांगाव्यात, अशी आज्ञा मंडळाने मला केली. आमच्या घराण्यात सनदा मिळविलेले अथवा धर्मशाळा बांधलेले कोणी नाही. म्हणून माझ्या धाकट्या काकांविषयी बोलतो. काकू समोर बसल्या आहेत; त्यांची अनुमती घेऊनच बोलतो आहे.

काका शिंपीकाम करीत. बीदरमध्ये चौबाऱ्याजवळ त्यांचे लहानसे दुकान होते. गिऱ्हाइकाशी मराठीत, कानडीत की दखनीत बोलावयाचे, हे तो पायरी चढताच त्यांना उमगे. सदऱ्याची कॉलर बसवावी तर त्यांनीच, असा मैलुरात लौकिक होता. पुढे शिंदीची संगत लागली, मग पाकिटातील सारायी आली. सकाळी दोन घोट घेतल्यावाचून सुईत दोरा ओवता येईना. लग्नसराईचे कापड लोकांनी विश्वासाने आणून द्यावे आणि काकांनी ते गहाण टाकावे, इथवर मजल गेली. काकूंची तांब्याची भांडी गेली, अखेर शिवणयंत्रही गेले.

एकदा वडिलांनी त्यांना घरातच कोंडून ठेवले. तिसऱ्या रात्री काका भिंतीवरून किडे उतरताना पाहू लागले, नसलेल्या माणसांशी बोलू लागले. आम्ही म्हटले, ‘बाहेरचे’ झाले. अंगारे झाले, उतारे झाले. दीर्घकाळ अति मद्यपान करणाऱ्याचे मद्य एकाएकी तोडले, तर दोन-तीन दिवसांत असा भ्रम होऊ शकतो, झटके येऊन प्राणही जाऊ शकतो, आणि हे वैद्यकीय देखरेखीखालीच करावयाचे असते, हे आम्हांस ठाऊक नव्हते. अमेरिकेतील डॉक्टरांच्या संघटनेने मद्यासक्ती हा आजार असल्याचे 1956 सालीच मान्य केले होते. योगायोग असा की, त्याच वर्षी आपला बीदर जिल्हा म्हैसूर राज्यात आला. ती वार्ता आम्हांपर्यंत पोहोचली. ही मात्र पोहोचली नाही.

1993 साली वडील त्यांना घेऊन हुमनाबाद-सोलापूरमार्गे पुण्यास गेले. डॉ. सुनंदा व अनिल अवचट यांनी 1986 साली येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’ची माहिती कोणीतरी दिली होती. पु. ल. देशपांडे यांच्या देणगीचा त्या कार्यास मोठा आधार होता. पाच आठवड्यांनी काका परत आले ते अंगाने भरून, पण अबोल होऊन. आम्ही पेढे वाटले. ते घाईचे झाले. पुढच्याच वर्षी एका लग्नात त्यांचा पाय पुन्हा घसरला. वडिलांनी तोंड फिरविले. काकूंनी मात्र ट्रंकेतून त्यांचे कपडे काढले आणि दुसऱ्यांदा त्याच पुण्याच्या गाडीत त्या स्वतः बसल्या. त्यांनी आयुष्यात तोवर सोलापूर ओलांडले नव्हते.

त्यानंतर 2017 साली देवाघरी जाईपर्यंत काकांनी मद्याला स्पर्श केला नाही. लोक कौतुकाने म्हणत, ‘वाल्याचा वाल्मीकी झाला.’ काकांना ते रुचत नसे. ते म्हणत, “वाल्मीकी एकदाच झाला. मला रोज सकाळी व्हावे लागते.” दुकान उघडले की कपाटाच्या दाराच्या आतील बाजूस ते शिंप्याच्या खडूने एक रेघ ओढीत आणि रात्री ती पुसून टाकीत. किती दिवस झाले, याचा हिशेब त्यांनी कधी ठेवला नाही. 2007 साली कर्नाटकात सारायीवर बंदी आली, तेव्हा शेजारी त्यांचे अभिनंदन करावयास आले. काका हसून म्हणाले, “पाकीट बंद झाले, बाटलीचे दुकान उघडेच आहे, आणि तहानही.”

आता जे सांगावयाचे, ते माझ्याविषयी आहे. 1998 साली याच सभामंडपात जत्रेची तयारी चालली होती. दानपेटीच्या मोजणीस काकांना बसवावे, असे एका वयोवृद्ध महाजनांनी सुचविले. तेव्हा उभे राहून ‘त्यांच्या हाती पैसा देणे योग्य होणार नाही’ असे म्हणणारा मीच होतो, त्यांचा सख्खा पुतण्या. चार वर्षे ते शुद्धीवर होते. तरी ते घरी आले की मी नकळत वास घेई आणि खिशातील पाकीट उशाखाली ठेवून निजे. काका त्या दिवशी दाराशी बसले होते. काही न बोलता उठून गेले.

दुसऱ्या दिवशी माझ्या सदऱ्याचे तुटलेले बटण लावता लावता ते म्हणाले, “तू बोललास ते गैर नाही. मी तुझ्या जागी असतो, तर मीही चाव्या दिल्या नसत्या. पण विचारायचे ते घरी विचारायचे होतेस.”

पुढे 2002 साली मी स्वतः त्यांचे नाव सुचविले. त्यांनी मोजणीचे काम घेतले नाही. देवाची वस्त्रे शिवण्याचे मागून घेतले. ती वस्त्रे आपण सर्वांनी पाहिली आहेत. शेवटची दोन-तीन वर्षे दृष्टी मंदावल्याने टाके किंचित लांब पडले आहेत. जवळून पाहणाऱ्यास ते कळते.

1998 सालच्या त्या सभेच्या इतिवृत्तात माझा आक्षेप नोंदलेला आहे. तो खोडून टाकावा, असे मी म्हणत नाही. या भाषणाची एक प्रत त्या पानास जोडावी, एवढीच कार्यकारी मंडळास विनंती आहे.