टेक अनेक, गाणे एक
(मंडळाच्या ध्वनिमुद्रण गटातर्फे झालेले भाषण)



आपल्या बडोद्यातल्या मराठी घरांत आरत्यांच्या, मंगळागौरीच्या गाण्यांच्या जुन्या चाली अजून आहेत. पण त्या बहुतेक सत्तरी-ऐंशीच्या कंठांत. त्या संगणकावर उतरवून घेण्याचे काम आम्ही करतो. त्यात खरी अडचण माइकची नाही, टेकची आहे.

जुन्या ७८ आरपीएमच्या तबकडीसाठी तीन-साडेतीन मिनिटांचे गाणे एका दमात म्हणावे लागे. आज हवे तितके टेक घेता येतात आणि बारा टेक झाले की कुठला बरा, हे कोणालाच आठवत नाही. मग आजींना पुन्हा बोलवायचे? चौथ्या टेकपर्यंत आवाज थकलेला असतो. म्हणून आम्ही निवड गातानाच करतो.

एकजण संगणक सांभाळतो, दुसरा वही. प्रत्येक टेकचा क्रमांक आधी मोठ्याने बोलतो. वहीत कडव्यागणिक ‘छान’, ‘चालेल’, ‘नको’ एवढेच लिहितो. ऑडॅसिटी मोफत मिळते. तिच्यात ध्वनिमुद्रण चालू असतानाच कंट्रोल आणि एम दाबले की त्या जागी लेबल लागते. शिफ्ट आणि आर दाबले की नवा टेक वेगळ्या ट्रॅकवर येतो. त्याआधी जुने ट्रॅक म्यूट करावेत.

पूर्ण गाणे दोनदा घेतो, मग अडलेले कडवेच पुन्हा. तंबोऱ्याची पट्टी आणि लय तीच ठेवतो, नाहीतर सांधा लगेच कानाला खटकतो. कापायचे ते श्वासाच्या जागी, शब्दात कधीच नाही. सांध्यावर किंचित क्रॉसफेड दिला की टक् असा आवाज येत नाही.

‘नको’ टेकही आम्ही पुसत नाही. ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट, मोनो अशा मुद्रणाला मिनिटाला सुमारे ५ एमबी लागतात. चार मिनिटांच्या गाण्याचे पाच टेक सुमारे १०० एमबीत मावतात. जोडलेली प्रत ऐकण्यासाठी. पण एक सलग, न कापलेला टेक जतनासाठी हवाच. सूर थोडा हलला तरी चाल कशी होती, याचा खरा पुरावा तोच.

ज्यांच्या घरी अशा चाली आहेत, त्यांनी आरतीनंतर आमच्याकडे नाव द्यावे. आम्ही घरी येऊ.

गणपती बाप्पा मोरया!