उत्पत्तीचे पहिले चार अध्याय

(वर्धापनदिनानिमित्त मंडळात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



आजचा विषय फळ्यावर लिहिला गेला तेव्हा दोघीतिघींनी मला विचारले, "अहो, गीता आहे, ज्ञानेश्वरी आहे, ती सोडून यहुदी लोकांच्या धर्मग्रंथात कशाला शिरायचे?" प्रश्न रास्त आहे. त्याला माझी उत्तरे दोन. एक म्हणजे, हे लोक आपल्याला परके नाहीत. अलिबाग, पेण, पनवेल या बाजूच्या गावांतून बेने इस्राएल मंडळी कित्येक पिढ्या मराठी बोलत, तेलाचे घाणे चालवीत राहिली. दिवेकर, किहीमकर ही त्यांची आडनावे आपल्याच गावांवरून पडलेली. १७९६ साली मुंबईत त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर उभे राहिले ते सामाजी हसाजी दिवेकर यांनी बांधलेले. पुढे १९४८ नंतर यांतले पुष्कळजण इस्राएलला गेले, तरी त्यांची मराठी तेथेही गेली. आपल्या शेजारणीचा ग्रंथ उघडून पाहण्याला परवानगी कसली?

दुसरे उत्तर अधिक महत्त्वाचे. आदाम आणि हव्वा यांची गोष्ट ज्यांनी ग्रंथ कधी हाती धरला नाही, त्यांनाही "ठाऊक" असते. बागेत एक झाड होते, बाईने सफरचंद खाल्ले, नवऱ्यालाही खायला लावले आणि तेव्हापासून जगाचे वाटोळे झाले! जाहिरातीत, व्यंगचित्रात, लग्नाच्या पंगतीतल्या थट्टेत ही गोष्ट येते. मी ती कोश आणि भाष्ये जवळ ठेवून शब्दशब्द लावीत वाचली, तेव्हा असे दिसले की ठाऊक असलेल्या गोष्टीतले निम्मे तेथे लिहिलेलेच नाही. तेवढे आज तुम्हांला दाखवावयाचे आहे.

ग्रंथाची सुरुवात 'बेरेशीत' या शब्दाने होते, आणि या पहिल्याच शब्दाशी पंडित अडखळले आहेत. आपण सामान्यतः "प्रारंभी" असे भाषांतर करतो. फ्रान्समधील त्र्वा गावचा राशी (१०४० ते ११०५) हा यहुद्यांचा सर्वांत लाडका भाष्यकार. तो म्हणतो की व्याकरणाने या शब्दाला पुढे काहीतरी जोड हवी. म्हणून "देव निर्माण करू लागला त्या प्रारंभी" असा अर्थ घ्यावा. म्हणजे ही सर्वांत पहिली घटना कोणती याची यादी नव्हेच! पुढे अथांग पाण्यावर देवाचा 'रूआख' असतो. या शब्दाचा अर्थ वारा, श्वास आणि आत्मा असा तिहेरी आहे. तो पाण्यावर काय करतो, त्यासाठी आलेले क्रियापद पुढे पाचव्या ग्रंथात गरुडाने पिलांवर पंख धरण्यासाठी येते. इंग्रजीत त्याला धड शब्द सापडत नाही. आपल्याकडे मात्र आहे: पाखर घालणे.

सहा दिवसांच्या निर्मितीवर मी फार वेळ घेणार नाही. दोनच गोष्टी पाहा. सूर्य आणि चंद्र यांची नावेच तेथे दिलेली नाहीत. मोठी ज्योत आणि लहान ज्योत एवढेच. शेजारच्या बाबिलोनमध्ये ही दोन्ही दैवते होती, म्हणून ग्रंथकाराने त्यांची नावे मुद्दाम टाळली असावीत, असे पुष्कळ अभ्यासक मानतात. दुसरी गोष्ट म्हणजे प्रत्येक दिवस मोजताना संध्याकाळ आधी येते आणि सकाळ मागून. म्हणूनच यहुद्यांचा शब्बाथ शुक्रवारी दिवेलागणीला सुरू होतो. कोकणातले बेने इस्राएल तेली शनिवारी घाणा बंद ठेवीत आणि गावकरी त्यांना 'शनिवार तेली' म्हणत. त्या नावाचे मूळ या ओळींत आहे.

आता माणसाकडे येऊ. पहिल्या अध्यायात मनुष्य निर्माण होतो तो नर आणि नारी असा एकदमच, दोघेही देवाच्या प्रतिरूपात. दुसऱ्या अध्यायात मात्र पुन्हा पहिल्यापासून सुरुवात होते: आधी मातीचा एक माणूस, मग बाग, मग जनावरे आणि शेवटी स्त्री. देवाचे नावही पालटते. आस्त्र्युक नावाच्या फ्रेंच वैद्याने १७५३ साली या नावांच्या फरकावरून असा तर्क मांडला की येथे दोन निराळ्या परंपरा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत. आजचे बहुतेक विद्वान या ना त्या रूपात हे मानतात. जुन्या वळणाचे भाष्यकार मानीत नाहीत, ते दुसऱ्या अध्यायाला पहिल्याचा विस्तार समजतात. ज्यांनी ग्रंथ जुळवला त्यांनी दोन्ही कथा ठेवल्या, एकीसाठी दुसरी पुसली नाही, हे मला फार आवडते.

'आदाम' हे मुळात विशेषनाम नव्हे. 'अदामा' म्हणजे माती, तिच्यापासून झालेला तो आदाम. आपला 'आदमी' हा शब्द त्याच घराण्यातला, अरबी आणि फारसीच्या वाटेने आलेला. या मातीच्या माणसाने एकटे असणे बरे नाही असे देव म्हणतो आणि त्याच्यासाठी 'एझेर केनेग्दो' करावयाचे ठरवतो. भाषांतरात येथे साहाय्यक, मदतनीस असे शब्द येतात, आणि ते ऐकले की डोळ्यांपुढे स्वयंपाकघरातली हाताखालची बाई उभी राहते! परंतु 'एझेर' हा शब्द हिब्रू ग्रंथांत बहुतेक ठिकाणी देवाने माणसांना केलेल्या साहाय्यासाठी आला आहे. तेथे कोणी त्याचा अर्थ हाताखालचा असा करीत नाही. आणि 'केनेग्दो' म्हणजे त्याच्या समोर, समोरासमोर, त्याच्या तोडीची.

मग ती बरगडी. मूळ शब्द आहे 'त्सेला'. निवासमंडपाची बाजू, पवित्र कोशाची बाजू सांगताना हाच शब्द येतो. राशीनेसुद्धा येथे बाजू असाच अर्थ लावला आहे, आणि जुन्या मिद्राशात एका रब्बीचे मत आहे की पहिला मनुष्य दोन तोंडांचा होता, त्याला मधोमध कापून दोघे केले. अर्धनारीनटेश्वर घरोघरच्या तसबिरींत पाहिलेल्या आपल्याला हे समजावून सांगायला नको. बरगडी हा अर्थ चुकीचा आहे असे मी म्हणत नाही. तो एकच अर्थ नाही, एवढेच माझे म्हणणे.

आता झाडाकडे. भगिनींनो, येथे ओळींचा क्रम नीट ध्यानात घ्या. झाडाचे फळ खाऊ नको ही आज्ञा दुसऱ्या अध्यायाच्या सोळाव्या सतराव्या ओवीत दिली आहे. स्त्री निर्माण होते ती बाविसाव्यात! म्हणजे आज्ञा झाली तेव्हा ती नव्हतीच. तिला ती कोणी सांगितली, कशी सांगितली, याबद्दल ग्रंथ चूप आहे. सर्पाशी बोलताना मात्र ती म्हणते की आम्हांला त्याला हातसुद्धा लावायचा नाही. हा हात लावण्याचा भाग मूळ आज्ञेत नाही. तो तिने वाढवला की आदामाने सांगतानाच वाढवून सांगितला? भाष्यकारांनी यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. राशी दोष तिला देतो. मला विचाराल तर, घरात निरोप एका तोंडातून दुसऱ्या तोंडात जाताना काय होते ते आपण रोज पाहतो.

फळ खाताना आदाम कोठे होता? चित्रांत तो बहुधा दूर असतो आणि ती फळ घेऊन त्याला शोधीत जाते. मूळात 'इम्माह' असा एक लहानसा शब्द आहे, म्हणजे "तिच्याबरोबर". तो तेथेच असावा. आज्ञा स्वतःच्या कानांनी ऐकलेला, आणि तरी सर्पाला एक शब्द बोलला नाही! पुढे जाब विचारल्यावर मात्र त्याला वाचा फुटते, आणि तू दिलेल्या या बाईनेच दिले, असे तो देवालाच ऐकवतो.

सफरचंदाचे तर नावही नाही. फक्त फळ. लॅटिनमध्ये सफरचंद आणि वाईट यांना सारखा दिसणारा शब्द आहे, त्यातून हे आले असे एक स्पष्टीकरण देतात. चित्रकारांनी ते पक्के केले हे खरे. तल्मूदमधल्या रब्बींनी द्राक्ष म्हटले, अंजीर म्हटले, आणि रब्बी यहुदाने चक्क गहू म्हटले. कारण काय, तर अन्नाची चव लागल्याखेरीज मूल आईबापांना हाक मारू लागत नाही. तेव्हा ज्ञानाचे झाड ते गव्हाचेच. ज्यांनी घरी उष्टावण केले आहे त्यांना हा रब्बी आवडावा.

शिक्षेच्या ओळींवर मी जरा थांबणार आहे, कारण त्यांचा भार बायकांच्या अंगावर पडला आहे. शाप हा शब्द तेथे सर्पाला लागतो आणि भूमीला लागतो. स्त्रीला नाही, पुरुषालाही नाही. पाप हा शब्द तर या अध्यायात येतच नाही. तो पहिल्यांदा येतो चौथ्या अध्यायात, काइनाच्या गोष्टीत. स्त्रीच्या वाट्याला जे येते त्यासाठी 'इत्साव्होन' असा शब्द आहे. पुढच्याच ओवीत पुरुषाने जमिनीतून अन्न काढावयाचे ते कशाने? त्याच 'इत्साव्होन'ने. शब्द एकच, पण भाषांतरांत पुष्कळदा तिच्याकडे वेदना येतात आणि त्याच्याकडे कष्ट. साऱ्या हिब्रू ग्रंथांत हा शब्द तीनच वेळा आला आहे. तिसऱ्यांदा नोहाच्या जन्माच्या वेळी, हातांच्या कष्टांतून हा आपल्याला विसावा देईल अशा आशेने.

हा केवळ पंडितांचा काथ्याकूट नव्हे. १८४७ साली एडिंबरोच्या डॉक्टर जेम्स यंग सिम्सन यांनी बाळंतिणीच्या वेदना कमी करण्यासाठी क्लोरोफॉर्म वापरला. स्त्रीने वेदना सोसाव्या अशी देवाचीच आज्ञा असताना हे कसे चालेल, असा आक्षेप निघाला. किती जणांनी तो घेतला याविषयी इतिहासकारांत मतभेद आहेत. पण सिम्सन यांना त्याच वर्षी उत्तरादाखल पुस्तिका छापावी लागली. त्यांनी काय केले? हिब्रू शब्द उघडून दाखवला आणि तो श्रमाचा शब्द आहे असे मांडले. शिवाय विचारले की बाईची कळ थांबवणे पाप असेल तर शेतकऱ्याने काटे उपटणेही पाप नव्हे काय, कारण ते काटेही त्याच ठिकाणी सांगितले आहेत! आणि आदामाची बरगडी काढण्यापूर्वी देवाने त्याला गाढ झोप आणलीच होती की. १८५३ साली व्हिक्टोरिया राणीने राजपुत्र लिओपोल्डच्या वेळी डॉक्टर जॉन स्नो यांच्या हातून क्लोरोफॉर्म घेतला आणि मग वाद बराच निवळला. एका शब्दाचा अर्थ लावण्यावर बाळंतिणीच्या खोलीतले काय काय अवलंबून असते, ते पाहा.

मी येथे ग्रंथाची वकिली करायला उभी नाही. त्याच ओवीत नवरा तुझ्यावर सत्ता चालवील असेही म्हटले आहे, आणि ते गाळून वाचणे अप्रामाणिकपणाचे होईल. ही आज्ञा आहे की बिघडलेल्या जगाचे वर्णन, यावर वाद आहे. मला ते वर्णन वाटते, कारण बाग सुरळीत होती तोवर त्याचा मागमूस नव्हता.

हे सारे शब्द बायकांनी स्वतः वाचावेत की नाही, हाही जुना तंटा आहे. मिश्नामध्ये बेन अझ्झाई म्हणतो, बापाने मुलीला तोरा शिकवलीच पाहिजे. लगेच रब्बी एलिएझर म्हणतो, मुळीच नाही. शतकानुशतके दुसऱ्याचेच चालले. मग क्राकोमध्ये सारा शेनिरेर नावाच्या शिवणकाम करणाऱ्या बाईने १९१७ साली मुलींची शाळा काढली. पुढे जेरुसलेमच्या नेहामा लायबोविट्झ. १९०५ साली रीगाला जन्मलेल्या. १९४२ मध्ये शेतवसाहतींतल्या काही बायकांनी, आमचा अभ्यासवर्ग संपला, आता घरी बसून काय वाचू, असे विचारले, म्हणून त्यांनी प्रश्नांचे कागद पाठवायला सुरुवात केली. दर आठवड्याला एक कागद, त्या आठवड्याच्या पाठावर. उत्तरे टपालाने येत, बाई ती स्वतः लाल शाईने तपासून परत पाठवीत. गृहिणी, सैनिक, हॉटेलातले वाढपी, सगळ्यांची. तीस वर्षे हे चालले! १९५६ साली त्यांना इस्राएल पारितोषिक मिळाले. १९९७ मध्ये त्या वारल्या. थडग्यावर नावापुढे पदवी एकच, 'मोरा', म्हणजे शिक्षिका. आपल्याकडे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले, १९२२ साली देह ठेवण्यापूर्वी ते काम पुरे केले, आणि केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच ते छापले. त्यांच्या धर्मांतराविषयी कोणाचे काही मत असो, एका बाईने एवढे भाषांतर मुळावरून करावे ही सामान्य गोष्ट नाही.

नेहामाबाईंचा आवडता प्रश्न असे: येथे राशीला काय खटकले? म्हणजे भाष्य पाठ करू नका, भाष्यकाराला बोलावे का लागले ते शोधा. तेव्हा त्यांच्याच पद्धतीने तुम्हांला एक कागद देऊन मी थांबते.

चौथ्या अध्यायाची आठवी ओवी. काइन आपल्या भावाला, हाबेलाला म्हणाला, आणि पुढे काहीच नाही. हिब्रू पाठात वाक्य तुटते, आणि एकदम दोघे शेतात असतात, आणि भाऊ भावाचा जीव घेतो. जुन्या ग्रीक भाषांतराने, आपण शेतात जाऊ, असे शब्द घालून ती फट बुजवली. मिद्राशातले एक मत असे की भावांनी जगाची वाटणी केली, एकाने जमीन घेतली, दुसऱ्याने चीजवस्तू. मग एक म्हणतो माझ्या जमिनीवरून ऊठ, दुसरा म्हणतो माझे कपडे उतरव. अस्सल भाऊबंदकी! दुसरे मत, मंदिर कोणाच्या हद्दीत व्हावे यावरून भांडण. आणि तिसरे, एका बाईवरून. घर फुटले की जावांचे नाव पुढे करायचे, त्यातलाच हा प्रकार.

आता प्रश्न. पहिल्या आठ ओव्या दोनदा वाचा. पुस्तकाची प्रत मंडळाच्या कपाटात ठेवली आहे. तिन्हींपैकी कोणत्या मताला त्या ओव्यांतल्या एखाद्या शब्दाचा आधार सापडतो, आणि कोणते मत नुसते बाहेरून आणले आहे? की काइन बोललाच नाही? उत्तर अर्ध्या पानात लिहून येत्या गुरुवारी आणा. लाल शाई माझ्याकडे आहे.