एका अक्षराचा अंदाज

घरात स्तनाच्या किंवा बीजांडकोशाच्या कर्करोगाचा वारसा असला की डॉक्टर बीआरसीए-१ या जनुकाची तपासणी सुचवतात. अहवालात कधी उघड दोष निघतो, कधी काहीच निघत नाही. पण कधी तिसरेच उत्तर येते: बदल आहे, अर्थ अनिश्चित. या जनुकाचे प्रथिन १,८६३ अमिनो आम्लांचे. त्यात ६१व्या जागी सिस्टीन असते आणि ते जस्ताचा अणू धरून ठेवते. तिथे ग्लायसिन आले की त्या भागाची घडी मोडते, कर्करोगाचा धोका वाढतो. मधला लांबलचक भाग मात्र सैलसर. तिथले कितीतरी बदल खपून जातात. कोणती जागा उत्क्रांतीत जपली गेली आहे आणि घडीत ती कुठे बसते, हे पाहून संगणक असा भेद करू लागला आहे. २०२३ साली ‘अल्फामिसेन्स’ या संगणकी प्रणालीने मानवी प्रथिनांतल्या अशा ७ कोटी १० लाख संभाव्य बदलांना गुण दिले आणि त्यांतल्या ८९ टक्क्यांवर ‘घातक’ किंवा ‘निरुपद्रवी’ असा शिक्का मारला. हा आकडा शिक्का मिळालेल्यांचा आहे, बरोबर ठरलेल्यांचा नव्हे. बातम्यांत हा फरक सहज पुसला जातो.

माझे म्हणणे असे की कोणता बदल आधी प्रयोगशाळेत तपासायचा, हे या गुणांवरून जरूर ठरवावे. बीजांडकोश काढायचे की नाही, हे केवळ त्यांवर ठरवू नये. एवढे सगळे तपासणार कोण, असे कोणी विचारील. २०१८ साली सिएटलच्या शास्त्रज्ञांनी या जनुकातले सुमारे ३,९०० बदल पेशींमध्ये घडवून दाखवले. ज्या पेशी या प्रथिनावाचून जगत नाहीत त्याच निवडल्या, म्हणजे बिघाड झाला की पेशी मरते. त्यात असेही दिसले की काही बदल प्रथिनाची कृती वाहून नेणाऱ्या आरएनएलाच मार देतात. केवळ प्रथिनाकडे पाहणाऱ्या गणिताला ते कसे कळावे?

पण प्रयोगशाळेच्या बशीतल्या पेशी म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप मला मान्य आहे. म्हणूनच जनुकातल्या बदलांचा अर्थ लावण्याच्या अमेरिकेतल्या २०१५च्या नियमावलीत कुटुंबाचा इतिहास, लोकसंख्येतले प्रमाण आणि प्रयोग यांचा एकत्र विचार होतो. संगणकी अंदाजाला तिथे फक्त पूरक पुराव्याचे स्थान होते. नीट पडताळलेल्या साधनांचे वजन पुढे वाढवले गेले, ते योग्यच. मात्र लोकसंख्येची जागतिक माहिती अजून मोठ्या प्रमाणात युरोपीय वंशाच्या लोकांची आहे. आपल्याकडे सर्रास आढळणारा निरुपद्रवी बदल त्या यादीत दुर्मिळ, म्हणून संशयित ठरू शकतो. ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पाने १०,००० भारतीयांचे जनुकसंच वाचले आहेत, अशा संशयिताची पहिली चौकशी तिथेच व्हायला हवी.