चिमुकलें इंजिन आणि चांद्याचें ऊन

विमान आकाशांत कसें तरंगतें, हें शाळेंतील मुलाला पुस्तकावरून समजावून देतां येतें. परंतु त्याचें इंजिन कां रुसतें आणि त्याची समजूत कशानें पडते, हें त्याला स्वतःच्या बोटांनीं व कानांनींच शिकावें लागतें. राष्ट्रीय छात्रसेनेच्या वायुशाखेंत लहान प्रतिकृति-विमानें बांधणें व उडविणें हा शिक्षणाचा एक भाग आहे. त्यामुळें ज्या घरांत कोणी यंत्रज्ञ नाहीं, अशा घरांतहि एखादे वेळीं मुठींत मावेल असें इंजिन येऊन दाखल होतें. आज या छंदाचा मोठा भाग विजेच्या मोटरींनीं व्यापला आहे, हें खरें; तथापि तारांच्या टोकाशीं धरून वर्तुळांत फिरविल्या जाणाऱ्या विमानावर इंधनाचें इंजिन अद्यापि पाहावयास मिळतें. अशा इंजिनाबरोबर येणारी माहितीची चिठ्ठी बहुधा थंड देशांतील कारखान्यांत लिहिलेली असते. चंद्रपूर आणि १९८२ सालीं त्यांतून वेगळा झालेला गडचिरोली, या दोन जिल्ह्यांच्या उन्हाचा विचार त्या चिठ्ठींत नसतो. तो येथील माणसानेंच करावयाचा असतो.

या इंजिनाची रचना वरवर पाहतां अगदीं साधी आहे. एक नळकांडें, त्यांत खालींवर होणारा एक दट्ट्या, हवा ओढून घेणारें एक तोंड आणि त्या तोंडांत इंधनाचा थेंब मोजून सोडणारी एक सुई. आकार दीड ते अडीच घन सेंटिमीटर. पण वेग मिनिटाला दहा-बारा हजार फेऱ्यांचा. विसाव्या शतकाच्या चौथ्या दशकांतील अशा इंजिनांना मोटारीप्रमाणें ठिणगीचा प्लग असे, आणि ती ठिणगी पाडण्यासाठीं लागणारें वेटोळें व बॅटरी हें ओझें विमानाला जड जाई. अमेरिकेंत रे आर्डेन यांनीं १९४७ सालीं ग्लो-प्लग बाजारांत आणला आणि हें ओझें उतरलें. या प्लगांत प्लॅटिनमयुक्त तारेचें एक वेटोळें असतें. दीड व्होल्टच्या विजेनें तें एकदां लाल केलें, कीं पुढें वीज काढून घेतली तरी मिथेनॉलच्या सान्निध्यांत तें आपोआप तापलेलें राहतें. युरोपांत निराळी वाट निघाली. तेथील इंजिनांत प्लगच नाहीं; नळकांड्याच्या माथ्यावर दुसरा एक दट्ट्या बसविलेला असतो आणि तो स्क्रूनें खालीं दाबतां येतो. दाब पुरेसा वाढला म्हणजे हवा व इंधन यांचें मिश्रण आपल्याच उष्णतेनें पेट घेतें. या जातीला छंदी लोक ‘डीझेल’ म्हणतात. नांव मोठ्याचें असलें तरी मोठ्या डीझेल इंजिनाप्रमाणें यांत इंधन पिचकारीनें आंत सोडीत नाहींत. तें हवेबरोबरच आंत येतें.

या डीझेल जातीचें इंधन ईथर, रॉकेल आणि एरंडेल यांचें, बहुधा समभाग, मिश्रण असतें. यांपैकीं प्रत्येकाचें काम वेगळें आहे. शक्ति रॉकेलची. वंगण एरंडेलाचें, पहिल्या महायुद्धांतील फिरत्या इंजिनांच्या विमानांतहि हेंच तेल वापरीत, कारण तापलेल्या धातूवरील त्याचा पापुद्रा सहसा तुटत नाहीं. ईथरचें काम पेट घेण्याचें. तें सुमारें १६० अंश सेल्सिअसला आपोआप पेटतें. शिवाय ईथर आणखी एक काम गुपचूप करतें. रॉकेल आणि एरंडेल यांचें एकमेकांशीं नीट जमत नाहीं. त्यांना एकत्र ठेवतें तें ईथर.

आतां चांद्याच्या उन्हाचा प्रश्न येतो. ईथर ३४.६ अंशांवर उकळतें, आणि मे महिन्यांत चंद्रपुरास पारा ४५ अंशांच्या वर जाणें ही नवलाची गोष्ट नव्हे. म्हणजे थंड देशांत जें द्रव्य बाटलींत निमूट पडून राहतें, तें येथें दुपारच्या सावलींतहि उकळण्याच्या बेतांत असतें. बूच सैल असलें तर तें उडून जातें. बूच घट्ट असलें तर बाटलींत वाफेचा दाब वाढतो. उडून गेल्यानंतर मागें उरणाऱ्या मिश्रणांत तेलाचा थर वेगळा दिसूं लागतो. असा थर दिसला म्हणजे तें इंधन कितीहि हलविलें तरी उपयोगाचें नाहीं, आणि तासभर पंखा फिरवूनहि इंजिन कां लागत नाहीं याचें उत्तर पुष्कळदां त्या बाटलींतच असतें. ईथरची वाफ हवेच्या अडीचपट जड असून ती जमिनीलगत पसरत जाते. दूरच्या चुलीपर्यंत पोंचून ती पेट आणूं शकते. म्हणून मिश्रण करण्याचें काम मुलाचें नव्हे, वडील माणसाचें. आणि तें स्वयंपाकघरांत नव्हे, तर उघड्यावर, पहांटेच्या गारव्यांत, एका दिवसापुरतेंच करावें. हवा व उजेड लागून जुनें झालेलें ईथर स्फोटक बनतें. तें साठवून ठेवण्यांत काटकसर नाहीं. ग्लो-प्लगाच्या इंजिनांतील मिथेनॉल ईथरइतकें चंचल नसलें तरी तें विषारी आहे. थोडें पोटांत गेलें तरी दृष्टि जाते. तेव्हां तें पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलींत कधींहि भरूं नये.

इंजिन सुरू करण्यापूर्वीं तें हातांत धरून चालत नाहीं. सागवानी फळीवर चार स्क्रूंनीं घट्ट आवळावें आणि ती फळीहि बांकाला जखडावी. पंखा तपासून पाहावा. आठ इंची पंखा मिनिटाला बारा हजार फेऱ्या करूं लागला, म्हणजे त्याच्या टोकाचा वेग ताशीं साडेचारशें किलोमीटरांवर जातो. त्याला बारीक चीर असली तर तुकडा बंदुकीच्या छऱ्यासारखा सुटतो, आणि तो पंख्याच्या पातळींतच सुटतो. म्हणून पाहणाऱ्यांनीं बाजूस नव्हे, तर इंजिनाच्या मागें उभें राहावें. डोळ्यांवर चष्मा असावा आणि पंख्याला झटका बोटानें देण्याऐवजीं रबरी नळी चढविलेल्या काठीनें द्यावा.

यानंतर सुई चिठ्ठींत सांगितली असेल तितके फेरे उघडावी. हवेच्या तोंडावर बोट ठेवून पंखा दोनदां हळूच फिरवावा, म्हणजे इंधन नळींतून वर चढतें. इंजिन थंड असेल तर धूर बाहेर पडण्याच्या छिद्रांत एक-दोन थेंब टाकावे. मग बोट काढून झटका द्यावा. तो जोरदार असण्यापेक्षां चपळ असावा. बहुतेक नवशिके येथेंच चुकतात. इंजिन लागत नाहीं म्हणून ते आणखी इंधन ओततात, आणि नळकांडें भरून जातें. द्रव दाबला जात नाहीं. पंखा एकाएकीं जड लागला, मध्येंच अडला, तर जोर करूं नये. जोर केल्यास दट्ट्याची दांडी वांकते. डीझेल असेल तर दाबाचा स्क्रू अर्धा फेरा मागें घ्यावा, सुई बंद करावी आणि पंखा सावकाश फिरवून आंतील इंधन निघून जाऊं द्यावें. घाईनें जें बिघडतें, तें येथें पांच मिनिटांच्या स्वस्थपणानें सुधारतें.

इंजिन लागलें म्हणजे त्याला सुरांत आणावयाचें असतें, आणि तें काम कानाचें आहे. आवाज जड, तुटक आणि धुराळ असेल तर इंधन जास्त होत आहे. सुई थोडी थोडी मिटावी. आवाज अधूनमधून चुकत असेल, फटफट करून राहत असेल, तर दाब कमी आहे. स्क्रू किंचित् पुढें घ्यावा. आवाज कर्कश होऊन इंजिन दमल्यासारखें मंदावूं लागलें, बाहेर पडणारें तेल काळसर दिसूं लागलें, तर दाब जास्त झाला आहे. तो ताबडतोब सैल करावा. एका वेळीं एकच गोष्ट हलवावी. सुई व स्क्रू दोन्ही एकदम फिरविणाऱ्याला सुधारणा कशानें झाली हें कधींच कळत नाहीं. थंड इंजिनाला लागणारा दाब तापलेल्या इंजिनाला जास्त होतो, हेंहि लक्षांत ठेवावें. शेवटीं, फळीसकट इंजिनाचें तोंड आकाशाकडे करून पाहावें. तसें करतां इंधनाला वर चढावें लागतें आणि मिश्रण पातळ होतें. त्या अवस्थेंत आवाज खचला तर सुई किंचित् उघडावी. जमिनीवर अगदीं टोकाला आणलेलें इंजिन हवेंत चढतांना बंद पडतें. थोडें राखून ठेवलेलें इंजिन शेवटपर्यंत साथ देतें.

येथें पुन्हा ऊन आडवें येतें. पंधरा अंशांची हवा पंचेचाळीस अंशांपर्यंत तापली, म्हणजे ती सुमारें एक-दशांशानें विरळ होते. तेवढ्याच नळकांड्यांत प्राणवायु कमी जातो. म्हणून डिसेंबरच्या सकाळीं बरोबर लावलेली सुई मेच्या दुपारीं अति उघडी ठरते. सुई मिटून मिश्रण सुधारतें, पण गेलेली शक्ति परत येत नाहीं. शिवाय पंखांनाहि तीच विरळ हवा उचलून धरावयाची असते. इंजिन नादुरुस्त नाहीं, हवाच अपुरी आहे, हें ज्याला कळत नाहीं तो दाब वाढवीत जातो आणि चांगलें इंजिन नासून टाकतो.

म्हणून या भागांत उड्डाणाचा खरा हंगाम धान कापून बांध्या मोकळ्या झाल्यावरचा, म्हणजे हिवाळ्यांतील सकाळचा. तेव्हां हवा घट्ट असते आणि ईथर स्वस्थ असतें. फाल्गुनापासून मृगापर्यंत रानाजवळ असलें इंजिन लावूंच नये. त्या दिवसांत सागाचा पाला वाळून जमिनीवर पडलेला असतो, मोहफुलें व तेंदूपानें गोळा करणारीं माणसें रानांत असतात; सांडलेल्या इंधनाची एक ठिणगी कोणाच्या वर्षाच्या मिळकतीवर पडेल हें सांगतां येत नाहीं. व्याघ्रप्रकल्पाच्या किंवा धावपट्टीच्या आसपास परवानगीवांचून विमान उडवूं नये, हें वेगळें सांगण्याचें कारण नाहीं. दुसरा धोका शहराच्या बाजूचा आहे. चंद्रपुरास औष्णिक वीजकेंद्र असल्यामुळें उच्च दाबाच्या तारांचें जाळें सभोंवार पसरलेलें आहे. ज्या विमानाला पोलादी तारांनीं हातांत धरावयाचें, तें अशा तारांच्या आसपास नेणें म्हणजे मृत्यूला आमंत्रण देणें होय. प्रत्यक्ष स्पर्श व्हावा लागतो असेंहि नाहीं. तिसरा शत्रु धूळ. कोळशाच्या खाणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्या या प्रदेशांत उघड्या तोंडाचें इंजिन जमिनीजवळ चालविलें, तर तें बारीक कण गिळतें आणि थोड्याच दिवसांत दट्ट्या सैल होतो. खालीं ओलें गोणपाट अंथरावें आणि इंधन तलम कापडांतून गाळून घ्यावें.

या निर्बंधांनीं मुलाचा विरस होण्याचें मात्र कारण नाहीं. उन्हाळ्याचे महिने बांधणीचे आहेत. विमानासाठीं लागणारें बाल्सा लांकूड दक्षिण अमेरिकेंतून येतें व महाग पडतें. पण गडचिरोलीचा बांबू जवळच आहे. बुरडानें काढलेल्या सरळ कामट्या पंखाच्या कडेला आणि चाकांच्या दांड्यांना उत्तम लागतात, आणि धक्का बसला तर लवतात, मोडत नाहींत. उड्डाण संपलें म्हणजे टाकींतील इंधन काढावें, इंजिनांत तेलाचे दोन थेंब सोडून पंखा चार वेळां फिरवावा आणि तें स्वच्छ फडक्यांत गुंडाळून ठेवावें. जवळ एक वही असावी. तींत तारीख, त्या वेळचें तापमान, सुईचे फेरे आणि स्क्रूची जागा लिहीत जावें. दोन हिवाळे आणि एक उन्हाळा अशी नोंद झाली, म्हणजे परदेशांतून आलेल्या चिठ्ठीची गरज उरत नाहीं. चांद्याच्या हवेची चिठ्ठी त्या घरांतच तयार झालेली असते.