विश्वासू गिऱ्हाईक का दुरावते?

जुन्या गिऱ्हाइकाचा उत्साह मालातील दोषाने ओसरतो, त्याहून अधिक दुकानदाराच्या मौनाने ओसरतो. अमेरिकेतील अ‍ॅपल कंपनीच्या आयफोनचेच पाहा. लिथियमची बॅटरी जुनी झाली की एकाएकी लागणारी जादा वीज तिला पुरविता येत नाही आणि फोन चालता चालता बंद पडतो. हे टाळण्यासाठी कंपनीने २०१७ च्या आरंभी नवी आज्ञावली धाडून अशा फोनांचा वेग उतरविला. उपाय शास्त्राला धरूनच होता. थकल्या बैलाला चढावर कोणी पळवीत नाही. पण ज्याच्या खिशात फोन, त्यालाच ते सांगितले नाही! तो बिचारा, फोन निकामी झाला असे समजून, नवा घेण्याच्या विचारात पडला. डिसेंबरात लोकांनी केलेल्या चाचण्यांतून बिंग फुटले. कंपनीने क्षमा मागितली आणि बॅटरी बदलण्याचे ७९ डॉलरांचे मूल्य २९ वर आणले. पुढे २०२० मध्ये ५० कोटी डॉलरांपर्यंत भरपाई देऊन तिने अमेरिकेतील दावा मिटविला. दोष मात्र कबूल केला नाही.

अधिक बोलके आहे ते कंपनीचे प्रमुख टिम कुक यांनी जानेवारी २०१९ मध्ये गुंतवणूकदारांना लिहिलेले पत्र. काही देशांत नवा आयफोन घेणारे अपेक्षेइतके भरले नाहीत, त्याच्या कारणांत स्वस्तात बदलून मिळालेल्या बॅटऱ्याही त्यांनी मोजल्या. गिऱ्हाइकाला जुनाच फोन पुरेसा वाटू लागला होता.