साक्षीदार क्रमांक दोन

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

चंद्रपूरला आमच्या शेजारी एक चाचा राहत. कोळसा खाणीत लाकडाच्या थुण्या लावून छत सावरायचं, हे त्यांचं काम. एका रात्रपाळीत छत कोसळलं आणि त्यांचा सोबती कंबरेपर्यंत गाडला गेला. वरून कोळसा गळतच होता. चाचांनी दोन थुण्या ठोकल्या, हातांनी ढेकळं उपसली आणि त्याला ओढून काढलं. पुढे चौकशी झाली. कागदावर चाचांचं नाव आलं, ‘साक्षीदार क्रमांक दोन’ म्हणून.

मी तेव्हा नुकताच बी.ए. झालेलो. अर्ज लिहायची भारी हौस. म्हटलं, चाचा, सरकारचं जीवन रक्षा पदक असतं, १९६१ पासून. बुडणाऱ्याला वाचवणं, आग, विजेचा धक्का, दरड, जनावराचा हल्ला, खाणीतलं बचावकार्य, सारं त्यात धरतात. ही यादी वाचली की वाटतं, कुणी आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे बघूनच केली असावी. खाली कोळसा, वर वाघ! पोलीस, सैनिक किंवा अग्निशमन दलाच्या माणसाला कर्तव्य बजावताना केलेल्या कामासाठी हे पदक मिळत नाही. म्हणजे ते मुळात तुमच्या-आमच्यासारख्यांचं.

ते मिळतही नाही असं नाही. नोव्हेंबर १९८९मध्ये राणीगंजच्या महावीर खाणीत पाणी शिरलं. जसवंतसिंग गिल पोलादी कॅप्सूलमधून स्वतः खाली उतरले आणि ६५ कामगार जिवंत वर आले. १९९१मध्ये त्यांना सर्वोत्तम जीवन रक्षा पदक मिळालं. मिळायलाच हवं होतं. पण गिल अधिकारी होते. त्यांचं नाव लिहिणारे हात आसपास होते.

आमच्या जंगलात ते हात नसतात. तेंदूपत्त्याच्या हंगामात बाया पहाटेच निघतात. वाघ झडप घालतो. दुसऱ्या दिवशी बातमीत एक वाक्य असतं, ‘सोबतच्या महिलांनी आरडाओरड केल्याने वाघ पळाला.’ आरडाओरड! वाघाच्या तोंडात मैत्रीण असताना उलटं पळायचं सोडून काठी घेऊन पुढे धावायचं, त्याला आपल्या भाषेत एवढाच शब्द? कवी म्हणून मला त्याची लाज वाटते. पंचनाम्यात जखम कुठे, किती खोल, हे लिहितात; भरपाईसाठी ते लागतंच. वाचवणारी मात्र तिथेही साक्षीदार.

२०२३मध्ये सिल्क्यारा बोगद्यातून ४१ मजूर १७ दिवसांनी बाहेर आले. शेवटचा ढिगारा हातांनी उपसणाऱ्यांना देशाने डोक्यावर घेतलं, कारण कॅमेरे दारात होते. पदकाची शिफारस वर जाते सरकारी कचेऱ्यांतून. मग पंचनाम्यातच एक रकाना का नसावा, ‘वाचवणारा कोण?’ एवढाच?

माझा तो अर्ज कुठे पोचला नाही. चाचांनी मात्र तो पूर्ण वाचून घेतला होता आणि एकच दुरुस्ती सांगितली होती, “बेटा, थुणी उचलून देणाऱ्या पोराचं नाव राहिलं.”