खुरप्याची पूजा
(कागल येथे केलेल्या भाषणाचा सारांश)



खंडेनवमीला आपण शस्त्रपूजन करतो. शेतकऱ्याच्या घरी तलवारीच्या जागी खुरपे, विळा, कुदळ मांडलेली असते. शस्त्र भूमीचे रक्षण करते, अवजार भूमीची सेवा, दोन्ही वंद्यच.

कागलच्या घाटगे घराण्यातून १८८४ साली कोल्हापूरच्या गादीवर दत्तक गेलेल्या राजर्षी शाहू महाराजांनी हे कृतीने दाखविले. पहिल्या महायुद्धात लोखंड दुर्मीळ झाले, तेव्हा किर्लोस्करांच्या नांगरांसाठी त्यांनी संस्थानातील जुन्या तोफा दिल्या.

आज नांगरटीला ट्रॅक्टर आला. त्याचे स्वागतच आहे. तथापि भांगलण अजूनही माता-भगिनींच्या हातातील खुरप्यानेच होते. त्या पात्याला पाणी देणे ही विद्या आहे. पाते फार कडक झाले तर तुटते, मऊ राहिले तर धार टिकत नाही. तापल्या लोखंडाचा रंग पाहून हे जाणणारा लोहार आज भाता विझवून कारखान्यात रोजंदारीला जातो आहे.

दोष त्याचा नाही. अवजाराला आपण हळद-कुंकू वाहिले. ते घडविणाऱ्या हाताला मात्र पंगतीत दूर बसविले. समरसता केवळ व्यासपीठावर बोलण्याची गोष्ट नव्हे. यंदा पूजेनंतरचे पहिले पान त्या बांधवासाठी सन्मानाने मांडा आणि त्याच्या कामाचे मोल घासाघीस न करता द्या.